न ऐकलेला गाव

माझ्या आईच्या बोटांना ठसे नाहीत. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. काजूच्या कारखान्यात बी फोडताना टरफलातला चीक बोटांवर येतो, कातडी जळते, पोपडा निघतो, नवी कातडी येते, तीही जळते... अशी वर्षं गेली की बोटांची टोकं नदीतल्या गोट्यांसारखी गुळगुळीत होतात. रेशनच्या दुकानातलं यंत्र तिला ओळखत नाही. ती अंगठा ठेवते, यंत्र नाही म्हणतं, ती पदराला पुसून पुन्हा ठेवते, यंत्र पुन्हा नाही म्हणतं. बाबा चिऱ्याच्या खाणीवर होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या घरांचे चिरे काढले आणि आम्ही राहिलो मातीच्या भिंतींच्या घरात, तेही दुसऱ्याच्या जमिनीवर. पावसाळ्यात खाण बंद, कारखान्यात काम निम्म्यावर. मग पेज, आणि तोंडीलावण्याला सुकट असली तर असली. त्या घरातून मी एसटीने कुडाळला कॉलेजला गेले आणि बी.ए. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, हे मी अजूनही ओळख झाल्याबरोबर समोरच्याला सांगते. लोकांना ती बढाई वाटते. वाटू दे.

गेल्या महिन्यात आईच्या अंगठ्याचंच काम घेऊन मी ओरोसला गेले होते. ठसे उमटत नसतील तर दुसरी काहीतरी सोय करतात, त्यासाठी अर्ज द्यायचा होता. कचेरीत शिरलं की आमच्या तोंडातली मालवणी आपोआप आत जाते आणि 'साहेब, एक काम होतं' असं पुस्तकी मराठी बाहेर येतं. तशी मी रांगेत उभी असताना फोन वाजला. इझामावशीचा होता, म्हणजे पास्कूबाबांच्या थोरल्या बहिणीचा. मावशी फोन उचलते, करत कधी नाही.

"पास्कू गेलो गो," ती म्हणाली. "कानाक हेडफोन लावन खुर्चेर बसलेलो. मी जेवक हाक मारलंय. माका वाटला, तेका आयकाक येना नाय."

मी रांग सोडली नाही. माझा नंबर जवळ आला होता. अर्ज दिला, पोच घेतली आणि मगच मालवणची गाडी पकडली. गाडीत बसल्यावर वाटलं, पास्कूबाबांनीही हेच केलं असतं. हातातलं चालू काम मध्येच टाकलेलं त्यांना खपायचं नाही.

पास्कू डिसोजा हे नाव या पुरवणीच्या वाचकांना ठाऊक असायचं कारण नाही. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या माहितीपटांसाठी आवाज टिपले. असल्या माणसाचं नाव पडद्यावर येतं तेव्हा लोक उठून चपला शोधत असतात. स्वतःची म्हणून त्यांनी एकच फिल्म केली, माझ्या गावाच्या गावपळणीची, आणि ती पुरी व्हायच्या आत ते गेले.

आमची पहिली भेट काजूच्या कारखान्यात झाली. बी.ए. होऊन मी बाजारात झेरॉक्सच्या दुकानात कागद सरकवत होते आणि आईचा डबा पोचवायला दुपारी कारखान्यात जायचे. एके दिवशी बघते तर बायकांच्या ओळीत, गोणपाटावर मांडी घालून, पांढऱ्या दाढीचा एक उंच माणूस बसलेला. डोक्यावर हेडफोन, हातात काठीला बांधलेलं मायक्रोफोनचं केसाळ बोंडूक. बायका आधी हसून घेत होत्या. एकीने विचारलं की ह्या मांजर खंयसून हाडलंत. ते म्हणाले, मेक्सिकोतून, आणि ह्याला दूध लागत नाही, फक्त गप्प बसणारी माणसं लागतात. तेवढ्यात बायका खरोखर गप्प झाल्या आणि उरला तो फक्त बिया फुटण्याचा आवाज... टक, टक, प्रत्येकीचा वेगळा. आईचा मी ओळखला. आयुष्यभर तिथे जाऊनही त्याआधी तो मी कधी ऐकला नव्हता.

काम थांबल्यावर त्यांनी सांगितलं की बायकांच्या बोलण्याचं इंग्रजी करून देणारं कोणी हवंय, मालवणी पक्की येणारं. आई मान वर न करता म्हणाली, "माजा चेडू बीए झालाहा. ह्या काय उबा आसा." एवढंच. तिने आयुष्यात माझ्यासाठी टाकलेला हा एकमेव शब्द. तेव्हापासून आजपर्यंत मी फिल्मांच्या तळाशी येणाऱ्या ओळी लिहून पोट भरते.

पास्कूबाबांचं घर मालवणला, खाडीच्या तोंडाशी. त्यांच्या घरातले पुरुष पिढ्यान् पिढ्या बोटीवर जाणारे. तेही तरुणपणी बोटीवर गेले, शिडीवरून घसरले, हात मोडला, आणि बोटीने त्यांना मेक्सिकोच्या पश्चिमेच्या एका बंदरातल्या इस्पितळात उतरवून पुढचा रस्ता धरला. भाषा येत नव्हती. पण मेजाला तिथे मेसा म्हणतात, पावाला पान, आणि खमिसाला कामिसा. आपल्या आजीने अर्धी भाषा आधीच शिकवून ठेवली होती असं ते म्हणायचे. त्या इस्पितळाच्या खानावळीत त्यांना एलेना नावाच्या बाई भेटल्या. त्या एका विद्यापीठात शिकवायच्या आणि डोंगरातल्या आदिवासींवर फिल्म करत होत्या. सामान उचलायला माणूस हवा होता. पास्कूबाबांचा एक हात गळ्यात. बाई म्हणाल्या, मग एका हाताने धरता येईल असं काहीतरी धर, आणि त्यांच्या हातात मायक्रोफोनची काठी दिली. हात बरा झाला तरी ती काठी सुटली नाही.

ते आदिवासी म्हणजे रारामुरी. बाहेरचे त्यांना ताराहुमारा म्हणतात. खोल दऱ्या, वर पाइनची झाडं, खाली उकाडा, मक्याची छोटी छोटी शेतं आणि शेळ्या. हे लोक धावण्यासाठी जगात प्रसिद्ध आहेत, आणि पास्कूबाबांना त्याचाच राग होता. "जो येता तो इचारता, कसे धावतत. कसे बसतत तां कोण इचारीना," असं ते म्हणायचे. त्यांनी आवाज टिपला तो ईस्टरच्या आधीच्या दिवसांचा. कित्येक आठवडे आधी एकेका डोंगरावर शेळीच्या कातड्याचे ढोल सुरू होतात, एकाचा थांबला की पलीकडच्या डोंगरावरचा ऐकू येतो. मग पवित्र आठवड्यात पुरुष अंगावर चुन्यासारखे पांढरे ठिपके काढून देवळाभोवती फिरतात, गवताचा ज्युडास करून शेवटी त्याचा फडशा पाडतात, मक्याची दारू तुंबडीतून सगळ्यांत फिरते. कारखान्यातल्या बायकांना त्यांनी हे सांगितलं तेव्हा त्यांना त्यात नवल वाटलं नाही. शिमगोच तो, म्हणाल्या. पास्कूबाब म्हणाले, मलाही पहिल्या दिवशी हेच वाटलं, आणि हे चुकीचं आहे हे कळायला फार वर्षं लागली. आपल्यासारखं आहे म्हटलं की माणूस ऐकायचा बंद होतो.

तिथली एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगायचे. एलेनाबाईंची फिल्म तयार झाली तेव्हा बाईंनी ती आधी डोंगरात नेली. दोन झाडांमध्ये चादर बांधली, जनरेटर लावला, आणि तिन्हीसांजेला सगळ्या वस्तीने ती पाहिली. लोक हसले, आपापली शेळी ओळखली. संपल्यावर गावचा मुख्य म्हातारा उठला. त्याने फिल्म वाईट म्हटली नाही, चांगलीही म्हटली नाही. फक्त एका जागेबद्दल बोलला. त्यांचा वैदू एका आजारी मुलीजवळ बसून हळू आवाजात काहीतरी म्हणतोय, तो तुकडा. तुम्हाला तिथे बसू दिलं, म्हातारा म्हणाला, पण ते तुमच्याशी बोललेलं नव्हतं. एलेनाबाईंनी तो तुकडा कापला. विद्यापीठातले लोक चिडले, कारण फिल्मचं नाव झालं असतं ते त्याच तुकड्यामुळे. तो आवाज पास्कूबाबांनी टिपला होता, वैदूच्या तोंडापासून हातभर अंतरावर काठी धरून. "माजा शिक्षाण थंय झाला," ते म्हणायचे. शाळा त्यांनी आठवीत सोडली होती.

आईवडील गेल्यावर ते मालवणला परतले आणि आपल्याच जिल्ह्यात फिरून आवाज जमवू लागले. मी त्यांच्याबरोबर फिरायचे. त्यांची एक सवय होती, आणि म्हणे त्या धंद्यात सगळ्यांनाच असते: कुठलंही चित्रण संपलं की सामान आवरण्याआधी ते सगळ्यांना जागच्या जागी उभं करायचे, बोट ओठांवर ठेवायचे आणि त्या जागेची नुसती शांतता टिपायचे. पुढे फिल्म जोडताना दोन बोलण्यांच्या मध्ये ती भरावी लागते, नाहीतर तिथे भोक पडल्यासारखं वाटतं. पहिल्यांदा मला हे थोतांड वाटलं. शांतता ती शांतता, घरी बसून टिपा, असं मी म्हणाले. त्यांनी हेडफोन माझ्या कानाला लावला आणि तीन-चार शांतता ओळीने ऐकवल्या. कुणकेश्वरच्या देवळामागची, एका माडाच्या वाडीतली, त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातली... मी कॉलेजात शिकलेली मुलगी, मला फरक मान्य करायला जड गेलं. पण फरक होता.

आता गावपळण. आमच्या भागात काही थोड्या गावांत ही रीत आहे. काही वर्षांनी एकदा देवाचा कौल होतो आणि सगळं गाव गाव सोडतं. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, मांजरं. म्हातारी माणसं खुर्चीत घालून नेतात. वेशीबाहेर माळावर झोपड्या उभारायच्या, तीन रात्री तिथे काढायच्या, चुली मांडायच्या, मासे आणायचे, फुगड्या घालायच्या, आणि देवाने पुन्हा कौल दिला की गाव भरायचं. तेवढे दिवस गाव देवाचं. शेवटच्या दिवशी कौल घ्यायला जाणारे मानकरी सोडले तर आत कोणी पाऊल टाकत नाही. लहानपणी आम्हाला ती सुट्टी वाटायची. त्या माळावर आमची झोपडी आणि गावकऱ्यांची, म्हणजे जमिनी असलेल्या मानकऱ्यांची झोपडी शेजारी शेजारी असायची, आणि आमची कोणाच्या जमिनीवर आहे हे कोणी विचारत नसे.

पास्कूबाबांना ही फिल्म करायची होती. मुंबईचा एक निर्माता तयार झाला. गावचे मानकरी जमले, त्यांत वडीलधारे बाळा गावकर, ज्यांना सगळे आबा म्हणतात. पास्कूबाब ख्रिस्ती, त्यात कॅमेरा. आबांनी सरळ देवाला विचारलं. देवळात पाषाणाला ओल्या पाकळ्या लावतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. विचारलं की ह्या पाव्हण्याने माळावर आमच्यात राहून फिल्म करावी काय? उजवी पडली. मग पास्कूबाबांनीच आबांना सांगून दुसरा प्रश्न टाकला, की रिकाम्या गावात एखादं यंत्र ठेवून यावं काय? डावी पडली, आणि ती अशी पटकन पडली की लोक हसले. पास्कूबाबही हसले. निर्मात्याला त्यांनी त्याच दिवशी कळवलं की रिकामा गाव मिळणार नाही. तो म्हणाला, बघू.

गाव निघायची सकाळ म्हणजे गडबड. आमच्या अंगणात आईने भांडी पालथी घातली, दाराला कडी घातली. पास्कूबाबांनी आमच्या घराची शांतता टिपायला यंत्र तुळशीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि आम्हाला उभं केलं. बाबा, आई, मी, तिघं पुतळ्यासारखे. तेवढ्यात आईची तांबडी कोंबी, म्हणजे कोंबडी, हातातून सुटली. गावात जीव ठेवून जायचं नाही, म्हणजे कोंबीही ठेवायची नाही. ती घरामागच्या परड्यात गेली, तिथून कुंपणापलीकडे, आणि तिच्या मागे बाबा, हातात पास्कूबाबांचा चालू कॅमेरा घेऊन मी, आणि सगळ्यांत पुढे पास्कूबाब. खोकत, हसत, पँट काट्यांत फाटत. आई मागून ओरडत होती की मेल्यानु, तिका घाबरव नुकात. शेवटी ती पास्कूबाबांच्याच हातात सापडली. कोंबी काखेत मारून ते तसेच गुरांच्या मागोमाग वेशीबाहेर चालते झाले. मिरवत होते. माळावर पोचून कोंबी टोपलीखाली घातली, आणि मग त्यांनी गळ्याला हात लावला, खांद्याला लावला, आणि माझ्याकडे पाहिलं.

यंत्र तुळशीवर राहिलं होतं. चालू.

मी म्हणाले, मी जाऊन आणते, कोणाला कळणार नाही. त्यांनी माझा दंड धरला. मग ते उठून स्वतः आबांकडे गेले आणि झालं ते सांगितलं. आबांनी विचारलं, किती वेळ चालेल? पास्कूबाब म्हणाले, नवी बॅटरी घातलीय, चांगला दिवसभर. आबा तंबाखू मळत बसले. बाकीच्यांत मात्र वाद लागला. एक म्हणाला, भांडीकुंडी नाही का राहत गावात, तसं ते यंत्र राहिलं, एवढं काय. दुसरा म्हणाला, "भांड्यांका कान नसतत रे."

पुढचे दिवस पास्कूबाबांनी कॅमेरा चालवला, चुली टिपल्या, फुगड्या टिपल्या, जवळच्या दुसऱ्या यंत्रावर आवाज घेतला. पण मधूनमधून ते गावाकडे तोंड करून उभे राहायचे. शेवटच्या सकाळी मानकरी कौल घ्यायला गेले तेव्हा सगळा माळ बोचकी बांधून उभा होता. अशा वेळी कोणी बोलत नाही. ती शांतताही त्यांनी टिपली. मग कौल झाल्याचा निरोप आला, गुरं आधी सुटली आणि मागून आम्ही.

तुळशीवर यंत्र होतं तसं होतं, बॅटरी संपून पडलेलं, वर दव. पास्कूबाबांनी त्यातलं कार्ड काढलं, रुमालात गुंडाळलं. मी म्हणाले, निदान ऐका तरी. जगात कोणी न ऐकलेली गोष्ट आहे ती. यात देव कुठे आला? तुमचा आमच्या देवावर विश्वास असायचं कारण नाही, आणि खरं सांगायचं तर माझाही फारसा नाही. मला आजही तेव्हाचं माझं म्हणणं खुळचट वाटत नाही.

ते म्हणाले, "विश्वासाचा सोड गो. तुमी भायर गेल्यार मी तुमच्या दाराक कान लावन बसलंय तर तुका चलात?"

मी म्हणाले, घर रिकामं असेल तर चालेल. ते म्हणाले, मगे तुझ्या आवशीक इचार. मी आईला विचारलं नाही. उत्तर माहीत होतं.

ते रुमाल घेऊन देवळात गेले. न ऐकलेलं कार्ड आबांच्या पुढ्यात ठेवलं. आबांनी ते उलटसुलट करून पाहिलं, ह्यात सगळो गाव? असं विचारलं, आणि पुन्हा पाकळ्या लावल्या. हे ऐकावं काय? डावी. बरं तर मोडून टाकावं काय? सगळ्यांना वाटलं आता उजवी पडणार. तीही डावी. पुजाऱ्याने पाकळ्या बदलून पुन्हा विचारलं, पुन्हा डावी. आबा पाषाणाकडे बघत हसायला लागले.

"आयकूचाय नाय, मोडूचाय नाय," ते म्हणाले. "मगे ऱ्हवांदे."

ते कार्ड देवाच्या पेटीत ठेवलं, अजून तिथेच आहे. पास्कूबाब देवळातून बाहेर आले ते खुशीत. एवढा चांगला निकाल आपण कोर्टातही ऐकला नाही, म्हणाले.

निर्मात्याला तो निकाल पटला नाही. त्याला फोनवर सगळं खरं सांगितलं गेलं होतं, त्यात पास्कूबाबांचा हात कोण धरणार. तो म्हणाला, अहो, तीच तर फिल्म आहे. देवळातून मागून आणा, निदान थोडा वेळ. मग त्याने फोन घेणं बंद केलं. पास्कूबाबांनी फिल्म एकट्याने जोडायला घेतली, मला शेजारी बसवून, खाडीकडच्या खोलीत. गाव निघतं तिथपर्यंत झाली. माळ झाला. गाव भरतं ते झालं. राहिली एकच जागा, मधली. पडदा काळा होतो, गाव रिकामं आहे, आपण बाहेर आहोत... आणि ऐकू काय यायचं?

काहीच नको, मी म्हणाले. नुसतं काळं, नुसतं गप्प. त्यांनी तसं करून दाखवलं आणि म्हणाले, ही शांतता नव्हे, हे यंत्र बिघडलंय. मग ते दुसऱ्या जागांच्या शांतता आणून लावू लागले. वालावलला तळ्याकाठी भर दुपारी जाऊन आले. लावली, ऐकली, काढली. "ह्येका पाण्याचो वास येता," म्हणाले. ओरोसच्या कचेऱ्यांची रविवारची लावली. ती ऐकून आम्ही दोघंही हसत सुटलो, तिच्यात सुद्धा कोणीतरी आपल्याला थांबायला सांगतंय असं वाटत होतं. एकदा एका पडीक वाडीची आणली, हुबेहूब बसली. मी म्हणाले, झालं, कोणाला कळणार आहे? ते म्हणाले, आबांना कळेल. आणि ती काढली. त्या एका जागेपाशी फिल्म वर्षानुवर्षं अडून राहिली. मी दुसऱ्यांच्या फिल्मांची कामं करू लागले, घराच्या भिंती मी चिऱ्याच्या केल्या, बाबा गेले. पास्कूबाबांची छाती आत ओढू लागली, जिना चढायचे बंद झाले. भेटायला गेले की म्हणायचे, ये गो, वायंच आयक. आणि एखादी नवी शांतता.

शेवटचं भेटले तेव्हा त्यांनी नवं काही ऐकवलं नाही. चहा पिताना म्हणाले की मी पुरी केली नाही तर तू कर, पण दोन गोष्टी पाळ. पेटीतलं मागायचं नाही, आणि आधी गावाला दाखवायची. मी हो म्हणाले. आजारी माणसाला म्हणतात तसं म्हणाले असेन. त्यांना ते कळलं असावं, कारण त्यांनी मला पुन्हा हो म्हणायला लावलं.

महिन्याचं मीस, म्हणजे गेलेल्यासाठी चर्चमध्ये होणारी प्रार्थना, व्हायच्या आत इझामावशीने मला त्या खोलीची किल्ली दिली. ते शेवटी काय ऐकत बसले होते ते कळलं नाही. यंत्र बंद पडलं होतं. मी खुर्चीत बसले आणि गावपळणीचं सगळं सामान पहिल्यापासून ऐकायला घेतलं, टाकाऊ म्हणून बाजूला काढलेलंही. त्यांची पद्धत कडक होती. आवाज टिपणारा माणूस स्वतः ऐकू आला की तो तुकडा खराब. अशा खराबांत मला माळावरच्या शेवटच्या सकाळची शांतता मिळाली. मानकरी कौल घ्यायला गेलेत आणि सगळं गाव आपल्याच गावाकडे तोंड करून उभं आहे, तेव्हाची. कुठेतरी गुराच्या गळ्यातली घंटा. एक पोर काहीतरी विचारतं, कोणीतरी त्याला श्श करतं. टोपलीखाली आमची कोंबी कुरकुरते. आणि या सगळ्याच्या अलीकडे, अगदी कानाशी, एका माणसाचा श्वास. जड, जरा शिट्टी वाजणारा. थांबतो, पुन्हा येतो. म्हणूनच त्यांनी तो फेकला होता.

मी तो काळ्या पडद्यावर लावला. श्वास कापता आला असता. हल्ली ते सोपं आहे. कापला नाही.

गेल्या रविवारी संध्याकाळी देवळासमोरच्या मांडावर, म्हणजे गाव जमतं त्या पटांगणात, आम्ही चादर बांधली. इझामावशी मालवणहून रिक्षा करून आली, आईच्या शेजारी बसली. सुरू करायच्या आधी आबा उठले, आता त्यांना दोघांनी धरावं लागतं, आणि देवळाकडे तोंड करून त्यांनी गाऱ्हाणं घातलं. बा देवा म्हाराजा, आज ह्यो जो काय खेळ लावलोहा, आणि ज्येनी तो लावलो तो पास्कू डिसोजा आता नाय, तेचा काय चुकलामाकला आसात तां पोटात घाल आणि तेका सांभाळून घे रे म्हाराजा. सगळ्या मांडाने 'होय म्हाराजा' म्हटलं. इझामावशीनेही म्हटलं, आणि वर क्रूस काढला.

लोकांनी स्वतःला ओळखलं, गेलेल्यांना ओळखलं. बाबा कुंपणावरून उडी मारताना दिसले तेव्हा आई पदर तोंडाला लावून हसली. मग गाव निघालं, वेस ओलांडली, आणि पडदा काळा झाला. मांडावर कोणी हललं नाही. घंटा ऐकू आली, पोर ऐकू आलं, कोंबी ऐकू आली. श्वास ऐकू आला.

"कोण तो?" आबांनी हळूच विचारलं.

"पास्कूबाब," आई म्हणाली. "आमच्यावांगडा, आमच्यातच उबो आसा."

आबांनी मान हलवली, आणि पुन्हा पडद्याकडे बघू लागले, जिथे बघण्यासारखं काही नव्हतं. संपल्यावर मी विचारलं, काही काढायचंय का? आबा म्हणाले, नाही.

गावपळणीची फिल्म पुरी झाली. गावाने ती आधी पाहिली, आणि आता ती बाकीच्यांनी पाहायला हरकत नाही.